कुरळ्या केसांची मजुरी

‘फावल्या वेळात घरबसल्या चार पैसे मिळवा.’ सॉफ्ट टॉईजच्या वर्गाचं पत्रक असो, बचत गटाच्या प्रशिक्षणाची जाहिरात असो, की एखाद्या महिला मंडळाच्या प्रदर्शनाचं निमंत्रण, हे वाक्य ठरलेलं असतं. त्यातला प्रत्येक शब्द तपासून पाहावा असा आहे. फावला वेळ कुणाचा? घरबसल्या म्हणजे नेमकं कुठे बसून? आणि चारच पैसे का? पाच का नाहीत, हे कुणी ठरवलं?

मी कापडी बाहुल्या करते. जुन्या, टक्कल पडलेल्या, कसर लागलेल्या बाहुल्यांची दुरुस्तीही करते. वस्त्यांमधल्या बायकांना हे काम शिकवून आता बावीस वर्षं झाली. बाहुलीच्या कामात सगळ्यात किचकट, सगळ्यात वेळखाऊ आणि सगळ्यात कमी पैशांचं काम कोणतं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर तयार आहे: लोकरीचे कुरळे केस. म्हणून याच कामाचा हिशोब मी इथे मांडणार आहे. बाहुलीचे केस हा काय लेखाचा विषय झाला का, असं वाटणाऱ्या मैत्रिणींनी थोडा धीर धरावा. ज्या कामाला विषय म्हणायलाही आपण तयार नसतो, त्याच कामात बाईची मजुरी सगळ्यात सहज बुडते.

केस होतात कसे

आधी काम काय आहे ते पाहू. सुमारे चाळीस सेंटीमीटर उंचीची मांजरपाटाची बाहुली घ्या. तिला सरळ केस लावायचे तर लोकर एका पुठ्ठ्याभोवती गुंडाळायची, एका बाजूने कापायची, मधोमध टीप मारून भांग पाडायचा आणि तो पट्टा डोक्यावर शिवायचा. सव्वा ते दीड तासात काम संपतं.

कुरळ्या केसांचं तसं नाही. पहिला प्रश्न लोकरीचा. बाजारात लोकर म्हणून जी गुंडी मिळते ती बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकची असते. खरी लोकर पाण्याने आणि वाफेने वाकते, काडीवरच वाळली की तोच आकार धरते, पण पुन्हा भिजली की कुरळेपणा सैल पडतो. अ‍ॅक्रिलिकला नीट वाफ बसली तर वळण टिकतं, गार पाण्यात धुतलं तरी जात नाही. पण वाफ जास्त झाली किंवा धागा गरम धातूला चिकटून राहिला तर तो मऊ पडून लोळागोळा होतो, आणि मग तो कशानेच सुधारत नाही. सुती धाग्याला खळ लावल्याशिवाय वळण राहत नाही, आणि खळ लावलेले केस मुलांच्या हातात चार दिवसांत राठ होतात. गुंडी हातात घेतल्यावर ती कशाची आहे हे ओळखणं, तिचा एक तुकडा जाळून वास पाहणं, किती वाफ सोसेल याचा अंदाज बांधणं हे सगळं ज्ञान आहे. ते कोणत्याही पत्रकात छापलेलं नसतं. बाईच्या बोटांत आणि नाकात असतं.

मग काड्या. पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक, साधारण वीतभर लांब अशी लाकडी किंवा बांबूची काडी लागते. सायकलचे आरे, छत्रीच्या काड्या, विणायच्या सुया असं काहीही चालतं, पण लोखंड गंजलेलं असेल तर वाफेत डाग उतरतो आणि अख्खी लड वाया जाते. एका काडीवर धागा अगदी शेजारी शेजारी, एकसारख्या ताणाने गुंडाळायचा. ताण कमी झाला तर बट ढिली, जास्त झाला तर धागा सपाट. मीटरभर लोकर काडीवर जेमतेम दहा-बारा सेंटीमीटर जागा घेते. दोन्ही टोकं दोऱ्याने बांधायची, नाहीतर कपड्यांच्या चिमट्यात धरायची. चाळीस उंचीच्या बाहुलीला दाट केस हवेत तर अशा चाळीस काड्या होतात. हात बसलेल्या बाईला एका काडीला तीन मिनिटं लागतात. म्हणजे नुसतं गुंडाळणं दोन तास.

त्यानंतर मोदकपात्र. काड्या चाळणीवर रचून, वर फडकं टाकून मंद आचेवर वाफ द्यायची. पाणी उडून धाग्याला लागू द्यायचं नाही. इथे गॅससमोरून हलता येत नाही. अर्धा तास धरा. मग काड्या रात्रभर गार आणि कोरड्या होऊ द्यायच्या. घाई करून कोमट असतानाच सोडल्या तर बटा सरळ होतात आणि आदल्या दिवसाचं सगळं काम पाण्यात जातं. एका खोलीच्या घरात चाळीस काड्या रात्रभर कुठे ठेवायच्या, लहान मुलांच्या आणि उंदरांच्या तोंडून कशा वाचवायच्या, हा वेगळा प्रश्न. दुसऱ्या दिवशी काडी फिरवत फिरवत बट सोडवायची. ओढायची नाही. चाळीस मिनिटं गेली.

मग शिवण. कुरळ्या बटेला वजन असतं आणि मुलं नेमकी बटच धरून ओढतात. म्हणून प्रत्येक बट मुळाशी दोनदा टाचून, मानेपासून वर चढत चढत, ओळीओळीने उलटी टीप घालत डोक्यावर बसवावी लागते. भांगाची ओळ सगळ्यात शेवटी. जवळपास दोन तास, नेमके एकशे दहा मिनिटं. त्यानंतर टोकं कापणं, विस्कटलेली बट बोटावर घेऊन सारखी करणं, डोकं हलवून कुठे कातडी दिसते का ते पाहणं. आणखी वीस मिनिटं.

बेरीज करा: १२० + ३० + ४० + ११० + २०. तीनशे वीस मिनिटं, म्हणजे पाच तास वीस मिनिटं. नुसते केस. मी हे घड्याळ लावून मोजलेलं आहे. वर्गातल्या बायकांचं काम मोजलं तेव्हाही शिकाऊ बाई सोडल्या तर कुणाचं काम पाच तासांच्या आत आलं नाही.

आणखी एक रीत आहे. दहा नंबरच्या सुयांवर एक लांबट चौकोन विणायचा, त्याला वाफ द्यायची, वाळू द्यायचा आणि मग तो पूर्ण उसवायचा. उसवलेला धागा नागमोडी होतो आणि केस कुरळ्यांपेक्षा लाटालाटांचे दिसतात. काड्या लागत नाहीत, पण आधी विणायचं आणि मग स्वतःच्या हाताने उसवायचं. बाईच्या कामाची याहून नेमकी व्याख्या मला कुठे वाचायला मिळालेली नाही. जे विणलं त्याची खूण राहत नाही, म्हणून ते मोजलंही जात नाही.

हिशोब

आता पैसे. बाहुली बनवणाऱ्या बाईला किती मिळायला हवेत हे ठरवायला माझ्या मनातला आकडा नको. सरकारनेच नेमलेल्या समितीचा घेऊ. देशासाठी किमान मजुरी किती असावी हे ठरवण्यासाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१९ साली आपला अहवाल दिला. त्यात जुलै २०१८ च्या भावांनुसार दिवसाला ३७५ रुपये ही रक्कम सुचवली होती. आठ तासांनी भागलं तर तासाला सुमारे ४७ रुपये. या दराने पाच तास वीस मिनिटांचे होतात २५० रुपये. सरकारला ती शिफारस जड वाटली असेल तर २०१७ साली त्याच सरकारने देशभरासाठी सुचवलेली तळाची मजुरी घ्या: दिवसाला १७६, म्हणजे तासाला २२. तरीही केसांचे ११७ रुपये होतात. लक्षात घ्या, हे आकडे तळाच्या मजुरीचे आणि काही वर्षांपूर्वीचे आहेत. तेव्हापासून गॅस, लोकर, दूध, डाळ, कशाचा भाव खाली आला?

प्रत्यक्षात काय होतं? एका प्रदर्शनाच्या तयारीच्या बैठकीत मी हजर होते. कुरळ्या केसांच्या बाहुलीला सरळ केसांच्या बाहुलीपेक्षा दहा रुपये जास्त लावायचे असं ठरलं, आणि ते ठरायलाही अर्धा तास वाद झाला. चार तासांच्या जादा कामाचे दहा रुपये! बाहुलीवर ३५० ची चिठ्ठी लागली. त्यातून कापड, लोकर, भरण, दोरा यांचे ९० गेले, दहा टक्क्यांप्रमाणे टेबलाचे ३५ गेले. उरले २२५. केसांचे पाच तास वीस मिनिटं आणि अंग कापणं, शिवणं, भरणं, चेहरा भरतकामाने काढणं, कपडे या सगळ्याचे सहा तास, असे मिळून अकरा तास वीस मिनिटं. भागाकार करा. तासाला वीस रुपयेही पडत नाहीत. टेबलामागे फलक मात्र होता: ‘महिलांच्या आर्थिक स्वावलंबनासाठी.’

दुरुस्तीच्या कामात तर हे आणखी उघडं दिसतं. आईची, आजीची जुनी बाहुली घेऊन लोक येतात. डोळ्यांत पाणी असतं, आठवणी असतात. केसांचा जुना पट्टा उसवायचा, कसर झटकायची, जीर्ण कापडाला आतून अस्तर लावायचं, मूळच्या रंगाची लोकर शोधायची, मूळच्या वळणाची बट करायची. हे नव्या बाहुलीपेक्षा कठीण काम. दर सांगितला की मात्र वाक्य ठरलेलं: ‘नुसते केस तर लावायचेत.’ हेच लोक मोबाइलची काच बदलताना दुकानदाराला ‘नुसती काच तर लावायचीय’ असं म्हणत नाहीत. आठवण अमोल असते, ती जपणारे हात मात्र बिनमोल.

फावला वेळ नावाची थाप

हा दर टिकून राहतो तो ‘फावल्या वेळा’च्या आधारावर. वेळच जर फावला, म्हणजे टाकाऊ, तर त्यात केलेल्या कामाला मजुरी कशाला हवी? जे मिळेल ते वरकड.

देशातल्या बायकांचा वेळ कुठे जातो हे आता सरकारनेच मोजलेलं आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या आणि पुरुष ९७. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ असे आले. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली, आणि पुरुषानेही आपली नऊ मिनिटं वाचवून घेतली! यात मुलांची आणि आजाऱ्यांची देखभाल धरलेली नाही, ती वेगळी मोजली जाते. तर घरकामाच्या या जवळजवळ पाच तासांनंतर बाहुलीच्या केसांचे पाच तास कुठून येतात? ते झोपेतून येतात. दुपारच्या पाठ टेकण्यातून येतात. माझ्या वर्गातल्या बायका काड्या गुंडाळतात त्या रात्री दहानंतर, टीव्हीच्या उजेडात, कारण दिवा लावला तर कुणाची तरी झोपमोड होते. काळी लोकर त्या उजेडात दिसत नाही. चाळिशीच्या आत चष्मा लागलेल्या बायका मला माहीत आहेत.

आणि ते हात कमी पडले की आणखी हात येतात. ते असतात मुलींचे. गुंडाळायचं काम ‘सोपं’, म्हणून शाळेतून आलेली दहा वर्षांची पोरगी काड्या घेऊन बसते. मुलगा गल्लीत खेळायला जातो. नगावर मजुरी असली की हे होणारच, कारण दर इतका कमी असतो की एकटीच्या हातांनी पुरेशी मजुरी पडतच नाही. दुसऱ्या कुठल्याशा मुलीच्या खेळण्यासाठी या मुलीचं खेळणं बंद होतं. ‘मुलगी आईला मदत करते’ असं आपण कौतुकाने म्हणतो. कारखान्यात ती हेच करत असती तर आपण मोर्चा काढला असता.

‘घरबसल्या’ या शब्दातही एक सोय आहे. घर कामाची जागा झालं की जागेचं भाडं, विजेचं बिल, गॅस, मोदकपात्र, काड्या, भाजलेल्या बोटावरचं मलम, सगळा खर्च बाईच्या पदरात पडतो. मालकाला शेड बांधावी लागत नाही, पंखा लावावा लागत नाही, संडास बांधावा लागत नाही. जो खर्च त्याने करायचा तो ती करते, आणि वर घरात बसून कमावण्याची सवलत मिळाली म्हणून आभारही मानते.

ठरलेले आक्षेप

हे बोललं की ठरलेले आक्षेप येतात. एकेक घेऊ.

पहिला: ‘अहो, ती मजूर कुठे आहे? तिचा स्वतःचा उद्योग आहे.’ कोणती बाहुली, किती उंचीची, कोणत्या रंगाचे केस, किती दाट, कोणत्या तारखेला आणि किती रुपयांना, हे सगळं दुसरं कुणी ठरवतं. उद्योजिकेने ठरवायचं असं उरलं काय? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली घरबसल्या केल्या जाणाऱ्या कामाबद्दल १७७ क्रमांकाचा करार मंजूर केला. कच्चा माल किंवा साधनं कुणीही पुरवलेली असोत, काम सांगणाऱ्याच्या गरजेप्रमाणे मोबदल्यासाठी घरी केलेलं काम हे घरकामगाराचं काम, असं तो सांगतो. त्याच्या जोडीच्या शिफारशीत तर वीज, पाणी, साधनांची देखभाल यांचा खर्च आणि माल निवडणं, सोडणं, बांधणं यात जाणारा वेळही भरून द्यावा असं म्हटलं आहे. म्हणजे आपल्या चाळीस काड्या आणि मोदकपात्राखालचा गॅस तिकडच्या कागदावर दिसला, इथल्या टेबलावर दिसला नाही. हा करार व्हावा म्हणून झटणाऱ्यांत अहमदाबादची ‘सेवा’ पुढे होती, पण भारताने तो अजून मंजूर केलेला नाही. १९७२ साली इला भट्ट ‘सेवा’ची कामगार संघटना म्हणून नोंदणी करायला गेल्या तेव्हा अधिकाऱ्यांनी हाच आक्षेप काढला होता की तुमच्या बायकांना मालकच नाही, मग संघटना कुणाविरुद्ध? त्यावर त्यांचं म्हणणं होतं की संघटना कुणाच्या विरुद्ध असावीच लागते असं नाही, ती कामगारांच्या एकजुटीसाठी असते. नोंदणी झाली. पन्नास वर्षांनंतर तोच आक्षेप आपल्याच माणसांच्या तोंडून ऐकावा लागावा?

दुसरा: ‘घरातल्या कामाला कायदा कसा लावणार?’ लावलेला आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने त्यात नमूद केलेल्या उद्योगांपुरतं, दुसऱ्याचा माल घरी नेऊन तो शिवणारी, सजवणारी, दुरुस्त करणारी व्यक्तीसुद्धा कामगार मानली होती. नगावर काम असलं तरी वेळेच्या किमान दराच्या खाली जाता येत नाही हे तत्त्व त्या कायद्यात होतं आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. विड्या वळणाऱ्या बायकांकडे पाहा. सोलापूरच्या घराघरांतून सुपात पान-तंबाखू घेऊन बसणारी बाई हीसुद्धा कामगार आहे, हे १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने मान्य केलं. तो हक्क पुरता हाती यावा म्हणून विडी कामगार बायकांना पुढेही वर्षानुवर्षं लढावं लागलं, पण निदान त्या फावल्या वेळात विड्या वळतात असं आज कुणी म्हणू धजत नाही. विडी आणि बाहुलीत फरक एवढाच की विडीमागे मोर्चे निघाले आणि बाहुलीमागे कौतुक.

तिसरा: ‘ही कला आहे. बायकांना आवडतं. पैशांत कशाला मोजता?’ आवडतं, हे खरंच आहे. चाळीस काड्या सोडवून झाल्यावर डोक्यावर पहिली बट उसळी मारून उभी राहते तेव्हा मला आजही आनंद होतो. पण सर्जनला शस्त्रक्रिया आवडते म्हणून कुणी त्याची फी कापत नाही. आवडीची शिक्षा फक्त बाईलाच होते.

चौथा आक्षेप व्यवहाराचा म्हणून जास्त गंभीर: ‘दर वाढवला तर माल उठणार नाही. बाजारात शंभर रुपयांत प्लॅस्टिकची बाहुली मिळते. काहीच न मिळण्यापेक्षा थोडं बरं.’ पाचशे-सहाशेला बाहुली विकणं कठीण आहे, हे मला टेबलामागे उभं राहून माहीत आहे. पण मग निर्णय उघडपणे घ्या. दर परवडत नसेल तर कमी बाहुल्या करा, लहान करा, केसांची क्रोशाची टोपी करून वेळ वाचवा, संस्थांच्या देणगीतून दराचा फरक भरा. गिऱ्हाइकाची ऐपत नाही म्हणून तिची सवलत बाहुली करणाऱ्या बाईच्या झोपेतून द्यायची, हा व्यवहार नाही. ती गरीब बाईने पैसेवाल्या बाईला दिलेली देणगी आहे. आणि ‘काहीच न मिळण्यापेक्षा बरं’ हे वाक्य तर वेठबिगारीपासून चालत आलेलं आहे.

पाचवा आक्षेप आपल्यातल्याच एका कार्यकर्तीने काढला: ‘मग सगळ्यांना सरळच केस लावा ना. कुरळ्यांचा हट्ट कशाला?’ हट्ट यासाठी की कारखान्यातल्या बाहुलीला सरळ, सोनेरी, रेशमी केसच मिळत आले. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या सुमारास काळ्या मुलांपुढे काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या ठेवल्या. बहुतेक मुलांनी गोरी बाहुली ‘छान’ ठरवली. शाळांमधला वंशभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या निकालात या अभ्यासाचा आधार घेतला गेला. बाहुली मुलीला तिच्या स्वतःच्या रूपाबद्दल काहीतरी सांगत असते. आपल्याकडच्या कुरळ्या केसांच्या, सावळ्या मुलींना फणी आणि तेल यांच्या जोडीने ‘झिपरी’ हा शब्दही मिळतो. तिच्यासारखीच काळीसावळी, दाट कुरळ्या केसांची बाहुली तिच्या हातात यावी, हे मला महत्त्वाचं वाटतं. म्हणूनच ते केस करणाऱ्या बाईला कमी पैसे देऊन ते काम होऊ नये. एका मुलीचा आत्मसन्मान दुसऱ्या बाईच्या अपमानातून विणता येत नाही.

आपण काय करायचं

व्यापाऱ्याविरुद्ध बोलणं सोपं आहे. या अंकाच्या वाचक मैत्रिणी मात्र बहुतेक संघटनांत, मंडळांत, बचत गटांत काम करणाऱ्या आहेत. वर्ग आपणच भरवतो, प्रदर्शनं आपणच मांडतो, चिठ्ठीवरचा आकडा आपल्याच बैठकीत ठरतो. म्हणून सुरुवात आपल्यापासून. माझ्या मागण्या अशा:

एक, प्रत्येक गटात वेळेची वही ठेवा. गुंडाळणं, वाफ देणं, सोडवणं, शिवणं असं प्रत्येक टप्प्याचं काम घड्याळ लावून मोजा आणि बाईच्या समोर लिहा. लिहिता न येणाऱ्या बाईसाठी खुणा करा. मोजल्याशिवाय दर ठरवायचा नाही.

दोन, चिठ्ठीवर किमतीच्या शेजारी तास लिहा. ‘या बाहुलीला अकरा तास वीस मिनिटं लागली.’ घासाघीस करणारीला ते वाचू द्या.

तीन, कुरळ्या केसांचा दर वेगळा, आणि तो दहा रुपयांनी नव्हे, तासांच्या हिशोबाने. दुरुस्तीच्या कामाला नव्या कामापेक्षा जास्त दर.

चार, गॅस, वीज, काड्या आणि वाया गेलेली लोकर खर्चात धरा. शिकताना बिघडलेला माल बाईच्या मजुरीतून कापायचा नाही.

पाच, माल हातात आला की पैसे द्या. विकला गेल्यावर नव्हे. न विकला जाण्याची जोखीम ज्याच्या हाती कपाट आणि पावतीपुस्तक आहे त्याने घ्यायची.

सहा, ज्या दराने मुलींना कामाला बसवावं लागतं तो दर आपल्या गटात चालणार नाही, असा ठराव करा.

सात, वर्गात केस करायला शिकवता तेव्हा त्याच दिवशी हिशोबही शिकवा. काडी आणि पेन्सिल एकाच पिशवीत द्या.

आणि पत्रकातून ते वाक्य काढून टाका. ‘फावल्या वेळात’ नको, ‘घरबसल्या’ नको, ‘चार पैसे’ तर अजिबात नको. त्याऐवजी लिहा: ‘काम आहे. इतक्या तासांचं आहे. इतका दर आहे.’ असं पत्रक छापायची आपली तयारी नसेल, तर तो वर्ग बंद ठेवलेला बरा. रात्री दहानंतर टीव्हीच्या उजेडात काळी लोकर गुंडाळणाऱ्या बाईला निदान झोप तरी मिळेल.